वर्गणीदार हाच आश्रयदाता

(बेटमा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बेटम्यासारख्या गावी मराठी नियतकालिक येते ते बहुधा टपालाने. ते मागविणारा वाचक पुण्या-मुंबईच्या दुकानदारांचे गिऱ्हाईक नसतो. तेथील साडीच्या, सराफीच्या किंवा नाटकाच्या जाहिरातीचा त्याला काही उपयोग नाही, आणि त्या जाहिरातदारालाही या वाचकाचे फारसे मोल नाही. नियतकालिकाच्या जमाखर्चात असा वाचक एकाच सदरात दिसतो. ते सदर म्हणजे वर्गणी. म्हणूनच जाहिरातीवाचून लेखनाचे नियमित उत्पन्न कसे उभे राहते, हा विषय बृहन्महाराष्ट्रातील मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. दूरच्या वाचकाला समोर ठेवून कोणी लिहावे, अशी अपेक्षा असेल, तर त्या लेखकाचा योगक्षेम कशावर चालतो हे या वाचकाने जाणून घेतले पाहिजे.

जाहिरातीवर चालणाऱ्या पत्राचे गणित १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने 'सन' हे एक सेंट किमतीचे पत्र काढले तेव्हापासून जगाला ठाऊक आहे. अंक स्वस्त विकायचा, खप वाढवायचा आणि वाढलेल्या खपाच्या बळावर जाहिरातदाराकडून पैसा घ्यायचा. या व्यवहारात वाचक हा गिऱ्हाईक राहत नाही. तोच विक्रीचा माल होतो. शिवाय या उत्पन्नासाठी वाचक हजारोंनी लागतात. वर्गणीचे गणित निराळे आहे. तेथे वाचक शेकड्यांनी असले तरी चालतात. मात्र ते दरवर्षी परत यावे लागतात.

मराठीत या दुसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे आहे. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. एकच लेखक, एकच लेखणी आणि दरमहा एक अंक. सात वर्षांत ८४ अंक निघाले. याच काळात त्यांच्या हाती 'शालापत्रक' हे शिक्षणखात्याच्या आश्रयाचे मासिकही होते; ते सरकारी रोषामुळे १८७५ मध्ये बंद पडले. 'माला' मात्र चालत राहिली. एका पत्राचा आधार वरिष्ठांच्या मर्जीवर होता, दुसऱ्याचा वाचकांच्या वर्गणीवर. या दोन्हींतील अंतर शास्त्रीबोवांना त्या वर्षी स्पष्ट दिसले असले पाहिजे.

परंतु या उदाहरणाचा अर्धाच भाग सांगणे न्यायाचे होणार नाही. 'माले'ची पहिली पाच वर्षे शास्त्रीबोवा सरकारी शाळेत शिक्षक होते. घरखर्च पगारावर चाले. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, पण 'माले'च्या एकट्या उत्पन्नावर भार टाकला नाही. १८७८ मध्येच सहकाऱ्यांसह पुण्यात चित्रशाळा निघाली होती आणि जुनी काव्ये व ऐतिहासिक कागदपत्रे छापणारा 'काव्येतिहाससंग्रह'ही सुरू झाला होता. १८८० मध्ये टिळक आदी तरुणांच्या साहाय्याने न्यू इंग्लिश स्कूल निघाले. पाठोपाठ आर्यभूषण छापखाना, पुस्तकांसाठी किताबखाना आणि १८८१ च्या आरंभी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे आली. शाळा, छापखाना, चित्रे, पुस्तके, पत्रे असा हा परस्परपूरक संसार होता. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी शास्त्रीबोवा निवर्तले. त्यांनी मांडलेला संसार मात्र पुढेही चालला. लेखणीचे नाव उत्पन्नाच्या अनेक वाटा उघडते आणि त्या वाटा मिळून लेखणीला स्वतंत्र ठेवतात, हा या उद्योगाचा खरा धडा होय.

या वाटेवर टपालखात्याने केलेले साहाय्यही विसरता येणार नाही. मूल्यदेय टपाल, म्हणजे ज्याला लोक व्ही. पी. म्हणतात, ते हिंदुस्थानात १८७७ मध्ये सुरू झाले. १८८० पासून मनिऑर्डरचे कामही टपालखात्याकडे आले. परगावचा वाचक आणि पुण्याचा संपादक यांच्यामध्ये पैशाची देवघेव प्रथमच सुलभ झाली. माळव्यातील मराठी घरांना पुण्या-मुंबईचे मासिक नियमाने घेता आले ते या सोयीमुळे. इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली, त्यामागेही टपालाने अंक मागवून वाचणाऱ्या अनेक पिढ्यांची पुण्याई आहे.

विसाव्या शतकात जाहिरातीला तत्त्व म्हणून नकार देणारे सर्वांत मोठे नाव महात्मा गांधींचे. १९१९ मध्ये 'यंग इंडिया' व 'नवजीवन' हाती घेतल्यावर त्यांनी आरंभापासूनच जाहिराती घेण्याचे नाकारले. एका काळी या पत्रांचा खप चाळीस हजारांच्या आसपास पोहोचला होता, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ज्या पत्राची लोकांना खरी गरज असेल त्याचा खर्च लोकांनीच उचलावा आणि गरज नसेल तर ते बंद व्हावे, इतकी सरळ ही विचारसरणी होती.

मात्र गरज असूनही वाचकाच्या खिशात पैसा नसेल तर काय होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांवरून दिसते. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'ला राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले होते. पैसे देऊ करूनही 'केसरी'ने 'मूकनायका'ची जाहिरात छापली नाही, अशी नोंद पुढे आंबेडकरांनीच केली आहे. १९२७ मध्ये निघालेल्या 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने भरावे लागत. ज्यांच्यासाठी पत्र होते त्यांची वर्गणी देण्याची ऐपत नव्हती, ज्यांची ऐपत होती त्यांना ते पत्र नको होते. १९२९ मध्ये ते बंद पडले. वर्गणीची वाट स्वातंत्र्य देते खरी, पण समाजातील विषमता ती आपोआप भरून काढीत नाही. तेथे अटी न घालणारा आश्रयदाता लागतो. हे मान्य केल्याखेरीज वर्गणीचे गुणगान करणे एकांगी ठरेल.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. 'किर्लोस्कर' मासिकाचा उगम १९२० मध्ये एका कारखान्याच्या खबरपत्रातून झाला. उद्योगाच्या आधाराने वाढलेल्या त्या मासिकाने सामाजिक सुधारणेचे विषय निर्भीडपणे हाताळले. तेव्हा जाहिरात किंवा उद्योग म्हणजे लेखनाचा शत्रूच, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की तो आधार उद्या काढून घेतला तर लेखक उभा राहील काय?

परदेशातील एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. अमेरिकन पत्रकार आय. एफ. स्टोन याला नोकरी देणारी वृत्तपत्रे एकामागून एक बंद पडली. १९५३ च्या जानेवारीत त्याने वॉशिंग्टनहून स्वतःचे चार पानी साप्ताहिक काढले. बंद पडलेल्या पत्रांच्या वाचकांच्या याद्या मिळवून त्याने पत्रे धाडली आणि सुमारे ५,३०० वर्गणीदार आगाऊ मिळविले. वार्षिक वर्गणी पाच डॉलर, जाहिरात एकही नाही. वर्गणीदारांचा हिशेब त्याची पत्नी एस्थर सांभाळीत असे. १९७१ च्या अखेरीस पत्र थांबले तेव्हा वर्गणीदारांची संख्या सत्तर हजारांच्या घरात होती. खर्च कमी, कर्मचारी जवळजवळ नाहीत, यादी नीट ठेवलेली आणि अंक ठरल्या वेळी: एवढीच त्याची भांडवली सामग्री.

आता हे गणित आकड्यांत मांडून पाहावे. समजा, एखाद्या लेखकाचे ६०० वर्गणीदार आहेत आणि वार्षिक वर्गणी ५०० रुपये आहे. जमा ३,००,००० रुपये. कागद, छपाई व टपाल मिळून दर वर्गणीदारामागे २४० रुपये खर्च धरला तर १,४४,००० रुपये गेले; उरले १,५६,००० रुपये, म्हणजे दरमहा १३,००० रुपये. आता वर्षअखेरीस पाचवा हिस्सा, म्हणजे १२० वर्गणीदारांनी नूतनीकरण केले नाही असे समजा. शिल्लक १,२४,८०० रुपयांवर येते आणि मासिक प्राप्ती १०,४०० रुपये होते. ती मूळ जागी ठेवण्यासाठी दरमहा दहा नवे वर्गणीदार मिळवावे लागतात. नवा वर्गणीदार मिळविण्यास पत्रे, नमुना अंक आणि प्रवास लागतो. जुना टिकविण्यास वेळेवर पाठविलेले एक स्मरणपत्र पुरते. नियमित उत्पन्नाचे सारे रहस्य या नूतनीकरणात आहे.

याच ठिकाणी तहहयात वर्गणीचा मोह नडतो. एकरकमी पैसा हाती येतो, अडचण निभावते. पण कागदाचे व टपालाचे दर वाढत राहतात आणि अंक पाठविण्याचे बंधन मात्र संपत नाही. ती रक्कम मुदत ठेवीत ठेवून केवळ व्याज खर्चिले तरच ती वर्गणी ठरते. एरवी ते कर्जच असते. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे. वर्षाचे अंक बांधून खंड काढणे, गाजलेल्या लेखमालेचे पुस्तक करणे, व्याख्याने व अध्यापन यांची जोड देणे, ही चिपळूणकरांच्या काळापासून चालत आलेली रीत आजही तितकीच उपयोगी आहे. अंक महिन्याने जुना होतो. पुस्तक पुष्कळ वर्षे विकले जाते.

शहरातच राहून हे साधते असेही नाही. सत्यशोधक परंपरेतील मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालविले ते नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून, आणि १९६७ पर्यंत. आज तर छपाई आणि टपाल यांवाचूनही लेखन घरोघर पोहोचते, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या यू. पी. आय. व्यवस्थेमुळे शंभर रुपयांची वर्गणीही क्षणात पोहोचते. खर्चाचा मोठा भाग नाहीसा झाला. तथापि वाचकाने वर्षअखेरीस पुन्हा पैसे पाठविण्याचा निर्णय करावा लागतो, ही जुनी गोष्ट तशीच आहे. फुकट मिळणाऱ्या मजकुराच्या पुरात ती अधिकच अवघड झाली आहे.

ग्रंथालयाच्या सभासदांना हे सारे अपरिचित वाटू नये. ग्रंथालयही जाहिरातीवर चालत नाही. मासिक वर्गणी, अनामत ठेव, देणगीदारांचा हात आणि वेळेवर उघडणारे दार, यांवरच त्याची शंभरी भरते. शंभर वर्षांतील प्रत्येक वर्षी कोणीतरी वही उघडून थकबाकीदारांना आठवण दिली, कोणीतरी आपली वर्गणी भरून शेजाऱ्यालाही सभासद केले. नियतकालिकाच्या दृष्टीने पाहिले तर ग्रंथालय हा सर्वांत विश्वासू वर्गणीदार असतो. एका अंकाचे पैसे देऊन तो कित्येकांना वाचवितो आणि पुढील वर्षीही नाव कायम ठेवतो.

सभासद आणि आश्रयदाते यांच्यापुढे म्हणून एकच सूचना ठेवावीशी आहे. ग्रंथालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात नियतकालिकांची रक्कम सर्वांत आधी कापली जाते, कारण ती थोडी असते आणि तिची ओरड होत नाही. या शताब्दी वर्षापासून ती रक्कम राखीव मानावी, आणि जाहिरातीवाचून निघणाऱ्या निदान दोन मराठी नियतकालिकांची वर्गणी तीतून दरसाल मुदतीपूर्वी पाठवावी. लेखकाला अभिनंदनाचे पत्र आवडते; पण पुढचा अंक निघतो तो वेळेवर आलेल्या वर्गणीवर.