थाट तेव्हाचा, भरवसा आजचा



पत्रिकेवर ‘विमानप्रवास: काल आणि आज’ असं छापलंय. निकाल आधीच सांगून टाकतो: आजचा प्रवास उजवा आहे. (मागून आवाज: ‘गुडघ्यांना विचारा!’ हशा.) गुडघ्यांची तक्रार मान्य. पाय आखडतात, पोह्यांनाही पैसे मोजावे लागतात. पण माणूस घरी पोचतो.

१९३२ साली जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. ते सोडू.

नागपूरचं मात्र सांगायलाच हवं. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री विमानं निघायची आणि देशाच्या मध्यावर, सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची. तिथं थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या. प्रवासीही तिथंच उतरून विमान बदलायचे. मग जो तो आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! १९७३ पर्यंत हे चाललं. (टाळ्या.)

टाळ्या रास्तच आहेत. पण या सेवेचं डाकोटा विमान आतून कसं होतं? दोन पिस्टन इंजिनांचा अखंड घरघराट. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, म्हणून फार उंच जाता येत नसे. ढग आणि वादळ टाळायचं तर वळसा, नाहीतर त्यातूनच वाट. १२ डिसेंबर १९५३ला या सेवेचं एक डाकोटा नागपूरहून उडाल्यावर लगेच कोसळलं. १३ जण गेले, एकटा वैमानिक वाचला.

(अध्यक्षांची चिठ्ठी.) पाचच मिनिटं? मग थेट आल्प्समधल्या मों ब्लांक पर्वतावर जाऊ.

८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. त्या थाटाच्या आठवणी आजही निघतात. तेच विमान ३ नोव्हेंबर १९५०ला मों ब्लांकवर आदळलं, ४८ बळी. २४ जानेवारी १९६६ला त्याच पर्वतावर एअर इंडियाचंच ‘कांचनजंगा’ विमान आदळलं. ११७ बळी, त्यांत अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा. एक दिशादर्शक रिसीव्हर बिघडलेला, जिनिव्हाच्या रडार नियंत्रकाच्या बोलण्याचा अर्थ चुकला, आणि वैमानिकाला वाटलं, पर्वत मागे पडला.

आज विमानाच्या संगणकात पृथ्वीच्या उंचसखल भागाचा नकाशा असतो. समोर डोंगर आला की कॉकपिटमध्ये आवाज घुमतो: ‘टेरेन, टेरेन, पुल अप!’ हे यंत्र उभं करणाऱ्या डॉन बेटमन यांनी किती जीव वाचवले, याची मोजदाद अवघड आहे.

(एक श्रोता: ‘आणि अहमदाबाद?’)

प्रश्न योग्य आहे. १२ जून २०२५ला अहमदाबादला कोसळलेल्या विमानातले २४२पैकी २४१ जण गेले, जमिनीवरचीही माणसं गेली. त्या घरांपुढे कुठलीही सरासरी ठेवता येत नाही. पण हिशेब सगळ्या जगाचा पाहावा लागतो. एमआयटीचे अर्नोल्ड बार्नेट यांनी तो केलाय: १९६८ ते १९७७ या काळात दर साडेतीन लाख प्रवाशांमागे एक मृत्यू, २०१८ ते २०२२ मध्ये दर १ कोटी ३७ लाखांमागे एक.

वेळ संपली. एक विनंती आहे. पुढच्या वेळी विमानात बसाल, तेव्हा सूचना चालू असताना मोबाइल खाली ठेवा आणि आपल्या खुर्चीपासून दार किती रांगांवर आहे, तेवढं मोजून ठेवा.