पाण्याची विद्या आणि आपली मुले



जलसंशोधनाच्या क्षेत्रातील आयुष्यक्रम, हा विषय एखाद्या प्राध्यापकाने मांडावयाचा. आम्ही ऊसतोड कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेली माणसे. कॉलेजची पायरी चढलो नाही, जे वाचले ते एस. टी. च्या प्रवासात. पण पाण्यापायी ज्यांना दरवर्षी गाव सोडावे लागते, त्यांनी या विद्येकडे आपल्या बाजूनेही पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात ही विद्या शेताच्या बांधावरून आली. दख्खनच्या कालव्यांनी ऊस पिकला. परंतु पाण्याचा निचरा होईना, क्षार वर आले आणि जमिनी खारवटल्या. कालव्याचे पाणी शेतीला कसे द्यावे, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ साली एक खास विभाग काढला. तोच पुढे खडकवासल्याचे जलसंशोधन केंद्र झाला. तो वाढविणारे क्लॉड इंग्लिस नंतर इंग्लंडातील तशाच केंद्राचे पहिले संचालक झाले. म्हणजे आपल्या नद्या-कालव्यांवर शिकलेली विद्या साहेबाच्या देशी गेली!

तेथे काम कसे चालते? नदीची लहान प्रतिकृती करतात. १ किलोमीटर रुंदीची नदी २०० पटींनी लहान केली, तर रुंदी ५ मीटर होते. पण २ मीटर खोलीचे पाणी उरते अवघे १ सेंटिमीटर. इतका पातळ थर नदीसारखा वागत नाही. म्हणून खोली तितकी कमी करीत नाहीत. हे गणित पंडिताचे खरे. पण प्रतिकृती लिंपणारा गवंडी आणि भर पावसात नदीची पातळी टिपणारा मजूर नसेल, तर पंडिताने आकडे आणावे कोठून?

आता आपली बिंदुसरा पाहा. पालीला तिच्यावर धरण आहे. हीच नदी १९८९ च्या जुलैत बीड शहरात शिरली. आणि दुष्काळात तिचेच पात्र कोरडे पडते. गाळ कोठे बसतो, गटाराची घाण किती पाण्यात विरते, नदीसाठी किती पाणी राखावे, हे प्रश्न आज याच शास्त्राचे आहेत. ते सोडवावयास तहान ठाऊक असलेला माणूस का नसावा? चाळीसगावात जन्मलेल्या माधवराव चितळ्यांना १९९३ साली स्टॉकहोमचे जलपारितोषिक मिळाले. मग पालीच्या मुलाने का मागे राहावे?

अडते ते बुद्धीपाशी नव्हे. इंजिनियरिंगची पदवी, पुढची पदवी, मग डॉक्टरेट, असा हा दहा वर्षांचा रस्ता. आमचे मूल दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जाते, कोपीत राहते आणि हंगाम संपल्यावर परतते. अपूर्णांक शिकवून झालेले असतात. ज्याचे अपूर्णांक बुडाले, त्याने पाण्याचा वेग काय मोजावा?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. हंगामी वसतिगृह पहिल्या कोयत्याआधी उघडावे, मागाहून नव्हे. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवावा आणि त्याची वही मुलांनी लिहावी. मजुरीच्या भावासाठी आम्ही भांडलो, पुढेही भांडू. पण मुलाच्या हातचा कोयता सुटावा यासाठी हे भांडणही तितकेच निकडीचे आहे. त्यात आपण सर्वांनी उतरावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.