वर्गातील मंद मूल आणि अवटु ग्रंथी



वर्गातील एखादे मूल सदैव सुस्त असते. त्याची उंची वाढत नाही, त्यास थंडी सोसत नाही, धडा उशिरा उमगतो. त्यास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या गळ्याकडे पाहावे. तेथील अवटु ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक थेट रक्तात सोडते. त्याचे प्रमाण अत्यल्प. परंतु शरीराची वाढ, ऊब आणि बुद्धीचा विकास यांस ते अत्यावश्यक आहे. ते घडण्यास आयोडीन लागते. आयोडीन अपुरे पडले, की थायरॉक्सिन घटते. मग मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी आपल्या संप्रेरकाद्वारे अवटूस अधिक कामाची आज्ञा देत राहते आणि अवटु फुगते. हाच गलगंड.

हिमालयाच्या पायथ्याच्या मातीत आयोडीन थोडे. तेथील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ पुरवून मुलांतील गलगंड घटविला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या शाळेच्या आहारातही तेच मीठ असावे.

मात्र गळा सुजला नाही म्हणजे दोष नाही, असे नव्हे. शंका येताच पालकांस समजावून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवावे. रक्ततपासणीने उलगडा होतो. उणीव औषधाने भरून काढता येते, छडीने नव्हे.