हलक्या गाडीचा जमाखर्च

एका माणसाने बाजारातून पिशवीभर भाजी आणावयाची आणि त्यासाठी हजार-बाराशे किलोंची मोटार रस्त्याने पळवावयाची, हा आजच्या शहरी जीवनातील नित्याचा व्यवहार आहे. माणसाचे वजन साठ-सत्तर किलो. त्याला वाहणाऱ्या वाहनाचे त्याच्या पंधरा-वीस पट. इंधनातील बरीचशी शक्ती इंजिनातच उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि जी थोडी उरते तिचा मोठा वाटा माणसाला नव्हे, तर मोटारीलाच वाहण्यात खर्ची पडतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण मोटारीइतकी दुसऱ्या कशाला क्वचितच शोभेल.

हा मसाला कमी करता येईल काय, या प्रश्नाचे एक धाडसी उत्तर जर्मनीत एप्रिल २००२ मध्ये रस्त्यावर उतरले. फोक्सवॅगन कंपनीच्या प्रमुखपदावरून पायउतार होण्याच्या बेतात असलेले फर्डिनांड पिएख भागधारकांच्या सभेसाठी वोल्फ्सबुर्गहून हॅम्बुर्गला गेले, ते एका अरुंद, काळ्या, होडीसारख्या दिसणाऱ्या गाडीतून आणि स्वतः ती चालवीत. १ लिटर इंधनात १०० किलोमीटर जाणारी गाडी बांधावयाची, असा संकल्प होता. त्या प्रवासात १०० किलोमीटरला सरासरी ०.८९ लिटर डिझेल लागले.

हे साधले कसे? धावत्या गाडीला तीन गोष्टी अडवितात. पहिला अडथळा तिच्या स्वतःच्या जडत्वाचा. वेग घेताना जी शक्ती गाडीत साठते, ती ब्रेक दाबताच उष्णता होऊन उडून जाते. दुसरा अडथळा रस्त्यावर दबत, घासत फिरणाऱ्या टायरांचा. हे दोन्ही अडथळे वजनाच्या प्रमाणात वाढतात. तिसरा अडथळा हवेचा. तो वजनाला विचारीत नाही. गाडीचा आकार, तिच्या दर्शनी भागाचे क्षेत्रफळ आणि तिचा वेग एवढेच पाहतो, आणि वेग दुप्पट झाला की चौपट होतो. म्हणून शहरातल्या थांबत-थांबत जाण्यात वजन जाचक ठरते, तर मोकळ्या हमरस्त्यावर वारा.

या गाडीच्या रचनाकारांनी दोन्ही आघाड्या एकाच वेळी उघडल्या. वाऱ्यासाठी गाडीची रुंदी १.२५ मीटरवर आणली आणि दोन माणसांना शेजारी न बसविता एकामागे एक बसविले. बाहेर डोकावणारे आरसे काढून त्यांच्या जागी छोटे कॅमेरे लावले. वजनासाठी सांगाडा ॲल्युमिनियमहूनही हलक्या मॅग्नेशियमचा केला आणि त्यावर कार्बन तंतूंचे कवच चढविले. इंजिन एकाच सिलिंडरचे, २९९ घनसेंटिमीटरचे, साडेआठ अश्वशक्तीचे. टाकी अवघी साडेसहा लिटरची. सारे मिळून वजन भरले २९० किलो.

वजन उतरविण्याच्या या कामात एक गंमत आहे. कवच हलके झाले की ते ओढणारे इंजिन लहान चालते. इंजिन लहान झाले की त्याला पेलणारा सांगाडा सडपातळ चालतो. मग ब्रेक, चाके, स्प्रिंगा यांनाही तेवढे दणकट असण्याचे कारण उरत नाही. एक किलो गेला की तो आपल्याबरोबर आणखी काही ग्रॅम घेऊन जातो. कर्जावरील व्याज जसे व्याजाला जन्म देते, तशीच ही बचतही बचतीला जन्म देते.

परंतु व्याजाचा हा न्याय उलटही चालतो. २००९ मध्ये या गाडीची सुधारलेली आवृत्ती लोकांसमोर आली. तिला दोन सिलिंडरांचे इंजिन आणि जोडीला विजेची मोटर मिळाली. वजन ३८० किलो झाले. २०११ मध्ये तिसरी आवृत्ती दाखविण्यात आली आणि पुढे तीच विक्रीस आली. एकामागे एक बसण्यात लोकांना गोडी नव्हती. म्हणून आसने पुन्हा शेजारी आली, फक्त खांद्याला खांदा लागू नये यासाठी एक किंचित मागे. घरी चार्ज करता येणारी बॅटरी बसली, इंजिनाची ताकद वाढली. वजन ७९५ किलो! इंधनाचा आकडा मात्र १०० किलोमीटरला ०.९ लिटर असा जवळजवळ पूर्वीचाच सांगण्यात आला. कारण भिंतीतून घेतलेली वीज त्या हिशेबात डिझेलच्या खात्यावर पडत नव्हती. विजेची मदत काढून घेतली, तर तो आकडा सुमारे २ लिटरवर जाई. गाड्या काढावयाच्या ठरल्या केवळ २५० आणि किंमत प्रत्येकी एक लाख युरोंहून अधिक. काटकसरीची गाडी घेण्यासाठी आधी श्रीमंत असावे लागावे, हा या कथेतील विनोद म्हणावा की विषाद?

तथापि, तिला अयशस्वी म्हणणे अन्यायाचे होईल. साध्या मोटारीच्या मानाने दोन लिटर हाही मोठा विजय आहे. तिने दाखविलेली खरी गोष्ट वेगळीच आहे. वजन काढणे हे धातूचे आणि गणिताचे काम. ते कुशल माणसे करू शकतात. पण ते परत येते ते आपल्या इच्छांच्या मार्गाने. शेजारी बसून बोलता यावे, चढावर गाडीने दम खाऊ नये, लांबच्या प्रवासात अंग आखडू नये. यातील एकही इच्छा अवास्तव नाही आणि प्रत्येकीचे वजन काही किलो भरते.

त्याहून अवघड प्रश्न रस्त्यावरचा आहे. हलकी गाडी दुबळीच असते असे नव्हे. कार्बन तंतूंचे कवच चांगलेच चिवट असते. पण जड गाडीशी टक्कर झाली, तर हलक्या गाडीचा वेग अधिक झपाट्याने बदलतो आणि आतल्या माणसांना धक्काही अधिक बसतो. म्हणून शेजाऱ्याने जड गाडी घेतली की आपणही जड घ्यावी असे प्रत्येकास वाटते. आणि सर्वांनी तसे केले की कोणाचीच सुरक्षितता वाढत नाही, वाढते ते इंधनाचे बिल. भांड्यातले पाणी एकट्याच्या तांब्याने आटत नाही, तसे रस्त्यावरचे वजनही एकट्याच्या त्यागाने घटत नाही. २९० किलोंची गाडी बांधणे एका कंपनीला जमले. ती निर्धास्तपणे चालविता येईल असे रस्ते, वेगमर्यादा आणि सवयी घडविणे हे मात्र साऱ्या समाजाने मिळून करावयाचे काम आहे. इंधनाची खरी बचत तेथूनच सुरू होईल.