चाल कुणाची?



‘संगीत सौभद्र’ची एखादी जुनी छापील प्रत हाती आली, तर पदांच्या माथ्यावर बघा. ‘चाल’ असं लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले दिसतील. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकासाठी लावणीच्या चाली घेतल्या, कानडी चाली घेतल्या, आणि घेतल्या हे छापून टाकलं. उसनवारी होती, पण लपवाछपवी नव्हती. आज मी बोलणार आहे हिपहॉपबद्दल. पण माथ्यावरची ती बारीक ओळ तेवढी लक्षात असू द्या.

हिपहॉपची सुरुवात मानतात ती ११ ऑगस्ट १९७३ पासून. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक हॉलमध्ये एका मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ, जमैकात जन्मलेला अठरा वर्षांचा क्लाइव्ह कॅम्बेल. सगळे त्याला कूल हर्क म्हणत. हर्कनं एक गोष्ट हेरली होती. गाणारा थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ताल उरतो, तेव्हा पोरं खरी बेभान होतात. या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. पण तो काही सेकंदांत संपणार! मग हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवू लागला. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. सेकंदांचा तुकडा असा मिनिटं चालू लागला.

हातांचं हे काम पुढे यंत्रानं उचललं. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरची, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राची, स्मृती सगळी मिळून दहा सेकंदांची. त्यात गाणं बसवायचं कसं? पोरांनी युक्ती काढली. ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर पळवायची, तो घाईचा आवाज यंत्रात भरायचा आणि वाजवताना पुन्हा संथ करायचा. जागा वाचली, शिवाय आवाजाला एक खरखर आली. आज ज्या खरखरीवर रसिक जीव टाकतात, ती मुळात काटकसरीतून आलेली आहे.

आता जरा जवळून एक तुकडा ऐकू. नोव्हेंबर १९६९, सिनसिनाटी. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’चं ध्वनिमुद्रण. ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. गाण्याच्या उत्तरार्धात ब्राऊन बाकीच्यांना थांबवतो, पण ड्रमरला बजावतो की करामत दाखवू नकोस, चाललंय तेच चालू दे. उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवर अखंड चालू आहे. मुख्य ठोका नेमक्या जागी पडतो, आणि मधल्या जागांत स्नेअरवर इतक्या हलक्या थापा, की कान दिला तरच ऐकू येतात. आपला तबलजी ठेक्यातल्या रिकाम्या जागा हळूच भरत जातो ना, तसं. एवढंच. पण हाच तुकडा पब्लिक एनिमीच्या ‘फाइट द पॉवर’मध्ये आहे, एल एल कूल जेच्या ‘मामा सेड नॉक यू आउट’मध्ये आहे, आणि इतरही असंख्य गाण्यांत आहे.

स्टबलफील्डला यातून काय मिळालं? जवळजवळ काहीच नाही. कायद्याच्या लेखी गाणं म्हणजे शब्द आणि चाल. ते ब्राऊनच्या नावावर. मुद्रित आवाज रेकॉर्ड कंपनीचा. ठेका या दोन्ही खात्यांत बसत नाही. ड्रमर पगारी माणूस. काम झालं, हिशेब मिटला. २०१७ साली तो मॅडिसन शहरात वारला, तेव्हा त्याचे हात जगभर वाजत होते.

१९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयानं रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. त्यानं गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. न्यायमूर्तींनी निकालपत्राची सुरुवातच चोरी करू नये या बायबलमधल्या आज्ञेनं केली. तेव्हापासून विचारल्याशिवाय आणि पैसे मोजल्याशिवाय सॅम्पल वापरणं महागात पडू लागलं. न्याय झाला असं वाटतं. पण विचारायचं कुणाला? मालकाला. आणि मालक म्हणजे घडवणारा असेलच असं नाही.

याचा दाखला आपल्या घरातला आहे. १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटात लताबाईंनी गायलेलं, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं ‘थोडा रेशम लगता है’ तेव्हा फारसं गाजलं नाही. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं ‘ॲडिक्टिव्ह’ आलं. त्यात डीजे क्विकनं लताबाईंचा आवाजच गुंफला होता. त्याच सुमारास इकडेही या गाण्याचं रीमिक्स लग्नाच्या वरातीत वाजू लागलं. लाहिरींनी दावा लावला. २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं बजावलं, त्यांचं नाव द्या, नाहीतर विक्री थांबवा. पुढे मात्र न्यायालयातच निष्कर्ष निघाला की लाहिरींकडे गाण्याचा हक्कच नाही. त्यांनी चाल बांधली ती निर्मात्यासाठी, मोबदला घेऊन. हक्क निर्मात्याकडून रेकॉर्ड कंपनीकडे गेलेले. स्टबलफील्ड ठेका देऊन रिकाम्या हातानं गेला, लाहिरी चाल देऊन. भारतात गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला कायद्याचं खरं संरक्षण मिळालं ते २०१२ च्या दुरुस्तीनं. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाई साठच्या दशकातच भांडल्या होत्या, हेही विसरू नका.

म्हणजे सॅम्पल घेणं हे पाप आहे का? मला तसं वाटत नाही. हर्कनं रेकॉर्डीतला जो तुकडा उचलला, तो त्याच्याआधी कुणी नीट ऐकलाही नव्हता. किर्लोस्करांच्या हातून लावणी दरबारी पात्रांच्या तोंडी गेली, तशीच ही उसनवारी. उसनं घेतल्यानं जुनं गाणं जगतं. प्रश्न पैशाचा आहेच, पण त्याआधी तो नावाचा आहे. मालकाला धनादेश गेला म्हणून ठेका धरणाऱ्याचा उल्लेख झाला असं होत नाही.

दहा सेकंदांच्या यंत्रात नाव मावत नव्हतं, हे खरं. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र ‘चाल’ लिहायला भरपूर जागा होती.