वाचकाचे गुपित



ग्रंथालयाविषयी बोलायचे म्हटले की ग्रंथसंख्या, इमारत आणि अनुदान यांपलीकडे वक्ते सहसा जात नाहीत. आज आम्ही बोलणार आहोत ते एका क्षुल्लक दिसणाऱ्या नोंदीविषयी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून कोणी कोणते पुस्तक नेले, ही ती नोंद. ती पाहण्याचा अधिकार कोणाला?

१९८७ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गणित व विज्ञान ग्रंथालयात एफबीआय या सरकारी तपासयंत्रणेची दोन माणसे आली. परदेशी वाचक येथे काय वाचतात, अशी विचारपूस त्यांनी देवघेवीच्या मेजावरील कारकुनाकडे सुरू केली. ते एका ग्रंथपालाच्या कानावर पडले आणि पाहुण्यांना वरिष्ठांकडे धाडण्यात आले. हंगामी मुख्य ग्रंथपाल पॉला कॉफमन यांनी माहिती देण्यास साफ नकार दिला. त्या कपाटांत लष्करी गुपिते मुळीच नव्हती. छापून प्रसिद्ध झालेली पुस्तके आणि नियतकालिके तेवढी होती. गुपित होते ते वाचकाचे, आणि न्यूयॉर्क राज्याच्या १९८२ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिले होते. १९८८ मध्ये हे प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे गेले. पुढे १९८९ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून तर असे दिसले की, या मोहिमेशी संबंध आलेल्या २६६ व्यक्तींचीच छाननी झाली होती. मोहिमेवरील टीकेमागे रशियाचा हात असावा, ही शंका! वाचकांची चौकशी करू नका म्हणणाराही चौकशीच्या यादीत जातो, तो असा.

कोणी म्हणेल, ज्याच्या मनात पाप नाही त्याने भ्यावे कशाला? पण मनोविकारावरचे पुस्तक मागणारा विद्यार्थी, घटस्फोटाचा कायदा चाळणारी विद्यार्थिनी, नक्षलवादी चळवळीवर प्रबंध लिहिणारा संशोधक यांच्या मनात कोणते पाप असते? तरीही आपले नाव उद्या कोणाच्या तरी हाती पडेल एवढी धास्ती पुरते. पुस्तक मागितलेच जात नाही. बंदी घालण्याचे श्रमही कोणाला पडत नाहीत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतले 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' हे सूत्र अशा वेळी भिंतीवर टांगलेलेच राहते.

गंमत अशी की, आपल्याकडील जुन्या ब्राउन पद्धतीला विसरण्याची कला उपजतच होती. पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या खिशासारख्या तिकिटात घालून ठेवायचे. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हाती, आणि मागमूस शिल्लक नाही. नेवार्क पद्धतीत मात्र नेणाऱ्यांचे क्रमांक कार्डावर एकाखाली एक साचत जातात. काही ठिकाणी तर नावे व सह्याही असत. आपल्या आधी हे पुस्तक कोणत्या प्राध्यापकांनी नेले होते हे पाहण्याची मौज आम्हीही चाखली आहे. परंतु त्या मौजेची किंमत दुसऱ्याने मोजायची असते.

संगणकाने हा साठा अफाट वाढवला. वास्तविक नोंदीचे काम पुस्तक परत येईपर्यंत आणि दंड फिटेपर्यंतच. आपल्या अनेक महाविद्यालयांत वापरल्या जाणाऱ्या 'कोहा' या प्रणालीत पुस्तक परत येताच नाव वेगळे करण्याची सोय आहे. ती चालू करणारा हवा एवढेच. इंटरनेटवरील नियतकालिकांची गोष्ट अधिक अवघड आहे. तेथे वाचनाची नोंद ग्रंथपालाच्या खणात राहत नाही, प्रकाशकाच्या यंत्रात जाते. म्हणून वर्गणीचा करार करतानाच त्यातले हे कलम वाचावे लागते.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तथापि आपल्या महाविद्यालयांत पोलिसांपेक्षा चौकशीला येतात ते वसतिगृहाचे रेक्टर, विभागप्रमुख आणि 'आमचा मुलगा काय वाचतो हो?' असे विचारणारे वडील. त्यांचा हेतू वाईट असतो असे नाही. पण मेजावरच्या कर्मचाऱ्याला, अगदी नवख्यालाही, 'ते सांगता येत नाही, ग्रंथपालांना भेटा' हे वाक्य पाठ हवे. आणि ग्रंथपालांनीही कायदेशीर लेखी आदेशावाचून तोंड उघडू नये. आणखी एक. जेथे पुस्तके बंदिस्त आहेत तेथील मागणीचिठ्ठीवर 'कशासाठी हवे' असा रकाना कोठे कोठे छापलेला असतो. पुढच्या छपाईच्या वेळी तो रकाना गाळला तर कागदही वाचेल.