वरचा रुपया

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संक्षेप)



लग्नाला निघालेला गृहस्थ पाकिटात शंभराची नोट घालतो आणि मग घरभर एक रुपया शोधत फिरतो. तो सापडेपर्यंत पाकीट बंद होत नाही. यजमानाच्या खर्चाला त्या रुपयाचा काडीइतकाही हातभार लागणार नसतो, तरीही त्याच्यावाचून आहेर अपुरा वाटतो. व्यवहारात ज्याला किंमत नाही, त्याला प्रथेत एवढे मोल का यावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पहिले उत्तर आकड्यांतच आहे. शंभर, पाचशे, हजार या संख्या शून्याने संपतात आणि शून्य हा जणू व्यवहाराचा पूर्णविराम. त्यावर एक ठेवला की मोजणी पुन्हा सुरू होते. अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक या साऱ्या संख्या विषम आहेत. त्यांचे दोन सारखे वाटे करू गेले तर एक उरतोच. विवाहाने दोन घरे जोडली जातात. दोघांत वाटूनही जो उरतो, तो दोघांचा असतो.

‘सव्वा’ या मापामागेही हीच भावना आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा सव्वा मापाने घेतात, देवापुढे सव्वा रुपया ठेवतात. पूर्ण आणि वर पाव, म्हणजे भरून थोडे ओसंडलेले. ‘सवाई’ हे गौरवाचे पदही याच शब्दावरून आले. जयपूरचे सवाई जयसिंह किंवा पेशवाईतील सवाई माधवराव ही त्याची परिचित उदाहरणे. पूर्वी सव्वा रुपया म्हणजे एक रुपया चार आणे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्याचे एकशे पंचवीस पैसे झाले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. आज सव्वा रुपया नाण्यांत मोजून देता येत नाही, पण तो शब्द संकल्पात टिकून आहे. नाणे गेले, अर्थ उरला.

एक रुपयाच्या नोटेबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर तेवढी रक्कम धारकास अदा करण्याचे वचन छापलेले असते. एक रुपयाची नोट मात्र केंद्र सरकारची असून तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि तसे वचन नसते. कायद्याच्या दृष्टीने ती नाणेच होय. म्हणजे शंभराची नोट हे वचन आहे आणि वरचा रुपया हे प्रत्यक्ष नाणे. प्रथा घडविणाऱ्यांनी हा कायदा वाचलेला नव्हता. पण कोरड्या वचनाबरोबर हातात काही ठेवावे, ही जाण त्यांना निश्चितच होती.

पैसा मंगल कार्यात येतो तेव्हा तो आपले बाजारातील रूप टाकून येतो. भाऊबीजेची ओवाळणी हातात न देता तबकात घालतात. बारशाला पैसे बाळाच्या मुठीत ठेवतात, ओटीतील नाणे तांदूळ, सुपारी आणि नारळ यांच्या संगतीत असते. बडोद्याच्या मराठी घरांना शेजारच्या गुजराती लग्नांतून ‘चांल्लो’ हा शब्द परिचित आहे. कपाळावरचा कुंकवाचा टिळा आणि लग्नात दिलेली रक्कम, दोहोंना गुजरातीत हा एकच शब्द आहे. पैसा हाच टिळा, असे ती भाषा सांगते.

परंतु भावनेला वहीचीही जोड आहे. आपल्या घरांतील आहेराच्या जुन्या वह्या पाहाव्यात. कोणाकडून पातळ, कोणाकडून चोळखण, कोणाकडून स्टीलचा डबा, कोणाकडून अकरा रुपये, हे सारे नावानिशी टिपलेले असते. त्या घरी कार्य निघाले की गृहिणी ही वही काढते आणि आलेल्या आहेराहून थोडे अधिक देते. पंजाबातील ‘वर्तन भांजी’ या देवघेवीचा झेकिये एग्लर यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अभ्यास केला आहे. तेथेही मिळाल्याहून थोडे अधिक परत करण्याची रीत आहे. हिशेब तंतोतंत मिटला तर एकमेकांकडे जाण्याचे कारणच संपावे. म्हणून तो मुद्दाम मिटू द्यायचा नसतो.

या गोडव्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. बडोद्याचे कवी प्रेमानंद यांनी सतराव्या शतकातच ती दाखवून ठेवली. त्यांच्या ‘कुंवरबाईनुं मामेरुं’ या आख्यानात मुलीच्या सीमंतासाठी भक्त नरसिंह मेहता रिकाम्या हाताने तिच्या सासरी येतात. तेथील वडीलधारी स्त्री थट्टेने भल्यामोठ्या मागण्यांची यादी लिहून देते आणि शेवटी दोन दगडही मागते. आख्यानात भगवंत धावून येतात आणि लाज राखतात. संसारातल्या सर्वच बापांसाठी ते धावून येत नाहीत. वहीतला आकडा परत करता येणार नाही म्हणून लग्नाला जाण्याचेच टाळणारी, आजाराचे निमित्त सांगणारी घरे कोणत्या गावात नाहीत?

आहेर आणि हुंडा यांतील भेद रकमेचा नसून मागणीचा आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मागणीवाचून, रीतीप्रमाणे दिलेल्या भेटींना वाव ठेवला. मात्र वराला वधूच्या बाजूने मिळणाऱ्या भेटी देणाऱ्याच्या ऐपतीबाहेर नसाव्यात, असे बंधन पुढे घातले. १९८५ च्या नियमांनी तर भेटींची यादी ठेवण्यास सांगितले. आहेराच्या वहीला असे कायद्याचेही रूप मिळाले. पण यादी आधी लिहिली की ती हुंड्याची आणि नंतर लिहिली की ती आहेराची, एवढी साधी कसोटी कोणत्याही घराने स्वतःला लावावी. ‘कृपया आहेर आणू नये’ ही पत्रिकेवरील ओळ पुष्कळांना कोरडी वाटते. पण ऐपत नसलेल्या पाहुण्याला तीच मांडवात येण्याची खरी मोकळीक देते. आणि तरीही कोणी वधूवरांच्या हातावर रुपया ठेवलाच, तर तो आहेराचा आकडा न राहता केवळ आशीर्वाद होतो. प्रथेतला सारा अर्थ त्या रुपयात शिल्लक असतो. वरचे शंभर नसले तरी चालते.

आज मोबाईलवरून आहेर पाठविला जातो. तेथे नोट नाही, नाणे नाही. तरी पाठविणारा पाचशे एक असाच आकडा लिहितो.

अशा वेळी माळ्यावरच्या त्या जीर्ण वह्या रद्दीत जाऊ नयेत. कोणत्या वर्षी पातळ मागे पडून स्टील आले, स्टील मागे पडून पाकीट आले, कोण कोणाच्या मांडवात गेले, हा आपल्या समाजाचा इतिहास इतरत्र लिहिलेला नाही. घरोघरच्या या वह्या ग्रंथालयाच्या कपाटात मानाने विसावाव्यात. शंभर वर्षांचे पुण्य गाठीस बांधून ही संस्था आता एकशे एकाव्या वर्षात पाऊल टाकीत आहे. वरच्या त्या एकाची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.